विहिरीपलीकडची घरं

मी बोलायला लागले की कानात कापूस घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच गाळ्यात मला अकरा वर्षं धंदा करावा लागला.

माझं बोलणं हेच माझं भांडवल. विसाव्या वर्षी डोक्यावर टोपली घेऊन मी कोरपन्याच्या आसपासची गावं फिरायचे, जुन्या कपड्यांवर भांडी द्यायचे. एका लुगड्यावर गंज, म्हणजे मोठं पातेलं, मागणाऱ्या बाईला तीन लुगड्यांवर आणायचं, आणि तेही ती हसत घरात जाईल अशा बेतानं, हे काम तोंडाचं आहे. त्या तोंडावर टोपलीची हातगाडी झाली आणि हातगाडीचं गडचांदूरला दुकान झालं. कोणाचा हात डोक्यावर नव्हता. म्हणून माझं बोलणं कोणी अर्धवट सोडलं की माझं डोकं फिरतं.

गाळा पाहायला गेले तेव्हा घरमालक भाऊ मागच्या अंगणात बाजेवर बसले होते. सत्तरीच्या आसपासचा माणूस, अंगात बंडी, डोक्याला दुपट्टा. मी सुरुवात केली. शटर गंजलंय, रस्त्यावरून सिमेंटच्या गाड्या जातात, धूळ बसते, मागच्या खोलीचे पत्रे फुटलेत. तिसऱ्या वाक्याला त्यांनी बंडीतून चुन्याची डबी काढली. मला वाटलं, तंबाखू मळणार. डबीतून निघाला कापसाचा बोळा. तो त्यांनी शांतपणे उजव्या कानात बसवला आणि माझ्यासमोर बोटं उभी केली. इतकं भाडं. मी दोन बोटं खाली दाबली. त्यांनी एक परत वर केलं. माझ्या आयुष्यातला तो एकुलता एक मुका सौदा, आणि तो मी हरले.

आमच्या लोकांना अशा वेळी पहिला संशय कोणता येतो, ते सांगायला नको. मी तिथंच उभी राहिले आणि कापूस काढा म्हणून खूण केली. त्यांनी काढला.

"भाऊ, माझं आडनाव ऐकून कापूस घातला का?"

"नाई वं," ते म्हणाले. "तुह्या आवाजानं घातला. मले एकच कान आहे, अन् तू दोन कानांची बोलतेस."

आणि पुन्हा बोळा आत.

पुढच्या आठवड्यात मतं मागायला एक पुढारी आले, त्यांच्यासमोरही डबी निघाली. भागवत सप्ताहाची वर्गणी मागणाऱ्यांसमोर निघाली. सुनेनं कुकर चढवला तरी निघायची. तेव्हा कुठं माझी खात्री पटली की हा अपमान सगळ्यांना सारखा वाटला जातो. पण सारखा वाटला म्हणून अपमान कमी होत नाही. मागच्या खोलीत माझा कांशाचा माल तणसात गुंडाळून ठेवलेला असायचा, आणि पावसाळा आला की वरून थेंब. अकरा पावसाळे मी ते छप्पर त्यांना सांगितलं. अकरा पावसाळे त्यांनी कापूस घातला.

भाऊंनी सारी नोकरी चुनखडीच्या खाणीत केली, सुरुंगाच्या टोळीत. एकदा भोंगा व्हायच्या आधीच दगड उडाला आणि डावा कान त्या दिवशीच गेला. उजवा हळूहळू जात होता. मुलानं ऐकायचं मशीन आणून दिलं. दोन दिवस लावलं आणि स्टीलच्या डब्यात ठेवून दिलं. मी विचारलं, काऊन? तर म्हणाले, "हे मशीन साऱ्यायलेच आत घेते. गाडीचा हॉर्नही आत, कुत्रंही आत, तूही आत. घर माह्यं आहे, दारावर कोन येईन ते मी ठरवीन."

कान कमी वापरला तर जास्त दिवस पुरतो, असा त्यांचा हिशेब होता. चंद्रपूरच्या डॉक्टरनं त्यांना माझ्यासमोर सांगितलं, की कान म्हणजे सणासुदीचा जोडा नव्हे, पेटीत ठेवला म्हणून नवा राहायला. दवाखान्यातून बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "डाक्टरले दोन आहेत. त्याले काय मालूम."

कापूसही बाजारचा चालत नसे. वेचणीच्या दिवसांत कोणाच्या तरी वावरात जायचे, चार बोंडं आणायचे, ओसरीत बसून सरकी काढायचे. रोज सकाळी अर्धा तास कान उघडा. त्या अर्ध्या तासात कोणी बोलायचं नाही. अंगणातला झाडू, चहाचं उकळणं, चिंचेवरच्या साळुंक्या, एवढंच. चहा उतू जायच्या आधी भाऊ पाठमोरे बसून सांगायचे, "आला वर." सून म्हणायची, "मामंजींना चहाचं ऐकू येते, माह्यं नाई."

एकदा, धनतेरसच्या सकाळी, कान अजून उघडा असताना ते माझ्या दुकानात डोकावले. आमच्या घरी दिवाळी नसते, पण दिवाळीत भांडी विकायला कोणी मना केलेलं नाही. दुकान भरलेलं होतं. मी एका गिऱ्हाइकाला कांशाची थाळी टिचकी मारून ऐकवत होते. भाऊ मागून म्हणाले, "हिले चीर आहे."

गिऱ्हाईक गेलं. मी भडकले. सणाच्या दिवशी, भरल्या दुकानात! मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लिहिलं तरी उपयोग नाही, कारण ज्याला बोलले त्यानं ऐकलंच नाही. पण दुकान बंद केल्यावर मी ती थाळी खिडकीपाशी नेली. काठाला केसाएवढी चीर होती. पुढचे सहा दिवस मी मालातलं एकेक भांडं वाजवत बसले. निम्मं मला कळेना. मग हळूहळू कळायला लागलं. चांगल्या कांशाचा आवाज लांबतो, बारीक होतो आणि जातो कधी ते कळत नाही. चिरलेल्याचा मध्येच बसतो. आता माझा व्यापारी मला माल पाठवायच्या आधी स्वतः वाजवून बघतो. हे मी भाऊंकडून शिकले असं मी कोणाला सांगत नाही.

त्या दिवशीच दुपारी त्यांचा उपास सुरू व्हायचा. कानांचा. धनतेरसला कापूस घातला की भाऊबीजेपर्यंत काढायचा नाही. सकाळचा अर्धा तासही बंद. लक्ष्मीपूजनाला गल्लीत बॉम्ब फुटत असायचे आणि हा माणूस दिव्यांकडे बघत मुकाट बसलेला. हे सगळं बहिणीसाठी.

बहीण मोठी, पंचाहत्तरीची. आरमोरीकडचं त्यांचं गाव, आणि तिचं लग्नही गावातल्या गावातच झालेलं. दिवाळी आली की ती लेकाला घेऊन निघायची, चंद्रपूरला नातीकडे मुक्काम करायची आणि भाऊबीजेला सकाळच्या बसनं गडचांदूरला उतरायची. ओवाळून झालं की भाऊ बाजेवर बसायचे, बहीण खाली चटईवर. भाऊ कापूस काढायचे, डबीत ठेवायचे आणि म्हणायचे, "हं बाई. घे पहिलं घर."

मग ती अख्खं गाव सांगायची. एकाच गल्लीचं गाव, अठ्ठावीस घरं, मधोमध विहीर. वेशीकडच्या पहिल्या घरापासून क्रमानं, एकही घर न सोडता.

"पहिल्या घरी सून आली नागपूरची. भात खात नाई म्हणते. आपल्या गावात!"

"मंग का खाते?"

"पोळी. सासू रडून राह्यली, एवढे धान कोन खाईन म्हणते."

"अन् दुसरं?"

"त्याची म्हैस दोनदा हारपली. दोन्ही खेपा सासुरवाडीत सापडली. आता तो म्हणते, म्हैसच नेऊन ठेवा, जावई काऊन ठेवता. तिसऱ्या घरच्या गुराख्याले नाल्यावर वाघ दिसला."

"मंग?"

"मंग का? वाघ लाजला म्हणते अन् निंगून गेला."

भाऊ असे हसायचे की बाज करकरायची. त्या माणसाला मी वर्षभर हसताना पाहिलेलं नसायचं. बहिणीचे दात गेलेले, आवाज अगदी लहान, वाळल्या पानासारखा. एकदा मी म्हटलं, "बाई, जरा जोरानं सांगा ना." तर भाऊच म्हणाले, "ओरडून सांगतली तं बातमी होते. गोष्ट राहत नाई."

दर वर्षी कान जरा लवकर थकायचा. शेवटच्या घरापर्यंत पोचणं हळूहळू मुश्कील झालं. आणि शेवटचं घर त्यांच्या बापाचं होतं. तिथं धाकटा भाऊ राहत होता. वाटणीवरून दोघांत वीस वर्षं अबोला. भाऊंनी त्याचं नावही कधी घेतलं नाही. बहीणच अठ्ठाविसावं घर म्हणून सांगून टाकायची, आणि ते तिकडं चिंचेकडे बघत ऐकायचे.

मी एकदा हिशेबाची गोष्ट सुचवली. "भाऊ, कान थकते तर उलटं घ्या ना. अठ्ठाविसावं आधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिथून सुरू केलं तर मी मागतल्यासारखं होते."

हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. जी वस्तू हवी आहे ती आधी उचलायची नाही. आधी चार दुसऱ्या उचलायच्या, नाकं मुरडायची आणि जाता जाता सहज विचारायचं. भाऊ सत्तावीस घरं त्यासाठी ऐकत होते. म्हणजे सत्तावीस त्यांना नको होती असं नाही. पण अठ्ठाविसावं हवं होतं.

आणि एका वर्षी माझ्यामुळे ते सांगणं विहिरीपाशी अडकलं.

भाऊबीजेलाच माझा टेम्पो आला. ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता, पुढून रस्ता तुंबलेला. मी म्हटलं, मागच्या गल्लीतून उतरव. मला माहीत होतं की अंगणात बहीण बसली आहे. चौदावं घर चाललं होतं. पण माल माझा होता आणि ड्रायव्हरशी माझं भांडण पेटलं होतं. त्यानं रागानं दोरी सोडली. शंभरेक पितळी आणि स्टीलची भांडी फरशीवर. तो आवाज माझ्याही छातीत बसला. भाऊ बाजेवरून उभे राहिले, दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग बहिणीच्या ओठांकडे पाहिलं, मान हलवली, आणि डबी काढली.

मला वाटलं आता शिव्या देतील. एक शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि फिटलं असतं. त्यांनी फक्त कापूस घातला. बहीण उरलेली चौदा घरं तशीच पदरात बांधून दुपारच्या बसनं गेली. जाताना मला म्हणाली, "विहिरीपलीकडचं राह्यलं वं."

ते वर्ष मी तो कापूस बघत काढलं. सकाळचा अर्धा तास पाच मिनिटांवर आला होता. चहा उतू जायला लागला.

पुढच्या दिवाळीला मी ठरवलं. अठ्ठावीस घरं व्हायलाच पाहिजेत. भाऊबीजेला सकाळी दहा ते एक गल्ली गप्प. रस्त्यावरच्या सिमेंटच्या गाड्या माझ्या हातात नव्हत्या, पण मागची गल्ली होती. मला एकच धंदा येतो, वस्तूवर वस्तू. कपड्यांवर भांडी दिली होती, आता शांततेवर देणार होते.

चक्कीवाला म्हणाला, "बाई, सणाचं दळन कोन दळन?"

"पाडव्याले दळ. तीन तास पट्टा काढून ठेव. बदल्यात पितळी डबा, झाकणाचा."

"झाकन तर राहतेच. कडीचा दे."

दिला.

मंडळाच्या पोरांचे दोन स्पीकर ओसरीएवढे. म्होरक्या म्हणाला, "तीन तास? दीड तास पाहा."

"दीड तासात तुह्या मंडळाचा भात तरी शिजते का बे? भगोना पाहिजे म्हणत होतास ना, पन्नास पानांचा?"

"शंभर पानांचा."

"शंभरच्याले चार तास."

"साडेतीन."

मला तीनच हवे होते. लहान पोरांकडून सुतळी बॉम्ब घेतले आणि एकेक टिफिन दिला. पोरांच्या आया मला भेटायला आल्या, त्यांनाही एकेक वाटी द्यावी लागली.

राहिला वेल्डिंगवाला. तो म्हणाला, "मले भांडं नाई पाहिजे."

"मंग का पाहिजे?"

"पोळ्याच्या दिवशी तू मले चार लोकांत शिव्या दिल्या. माफी पाहिजे."

शिव्या मी दिल्या होत्या, आणि माझ्या मते त्या बरोबर होत्या. मी उलट फिरले. दहा पावलं गेले. मग परत आले आणि म्हटलं, "चुकलं माह्यं."

"आयकू नाई आलं. जोरानं बोल."

मी जोरानं बोलले. त्यानं मशीनची वायर काढून माझ्या हातात दिली. सगळ्या गल्लीत सर्वांत महाग सौदा तो पडला.

भाऊबीजेला मी दुकान उघडलं नाही. माझा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आडवा लावला आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसले. बहीण आली. ओवाळणं झालं. भाऊंनी कापूस काढला आणि थोडा वेळ नुसते बसले. चक्की नाही, स्पीकर नाही. चिंचेवर साळुंक्या बोलत होत्या. त्यांनी मान वळवून गल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हं बाई. घे पहिलं घर."

नागपूरची सून आता भात खात होती, सासूलाच साखर निघाली म्हणून भात बंद झाला होता. सातव्या घराला पोरगी झाली. अकराव्याचा म्हातारा गेला. चौदावं झालं. विहीर आली. विहिरीवर आता मोटार बसली आहे, बहीण म्हणाली, बाया येत नाहीत. पंधरावं. सोळावं.

वीस घरं झाल्यावर भाऊ बाजेवरून खाली उतरले. चोविसाव्याला तिच्या तोंडापाशी कान नेला. सव्विसाव्याला त्यांनी तिचं मनगट धरलं, जसं काही आवाज तिथून येणार होता. बहिणीनं आवाज वाढवला नाही. हळूहळू, एकेक शब्द.

"अन् अठ्ठाविसाव्या घरी," ती म्हणाली, "धाकट्याचे गुडघे गेले. वावर पोरगा पाहते. मी निंगाली तं वेशीपर्यंत पोचवाले आला. इचारत होता, दादाले आयकू येते का अजून?"

भाऊंचं लक्ष चिंचेकडे नव्हतं.

"म्हणे, येत असन तं मी जातो एकडाव. बोलाचं आहे. येत नसन तं जाऊन का करू."

मला वाटलं, नाहीच ऐकू आलं. मग ते म्हणाले, "सांग त्याले. आयकू येते म्हना. पन लवकर ये म्हना."

मी उठून उभी राहिले. आता माझी पाळी होती. गल्ली मी गप्प केली होती, माफी मी मागितली होती, कान समोर उघडा होता, आणि अकरा पावसाळे माझ्या तोंडात तयार होते. "भाऊ, मागच्या खोलीचं..."

त्यांनी हात वर केला. "आज भरला वं कान. तुह्यं राहू दे."

आणि कापूस घातला.

मी त्या रात्री जेवले नाही, इतकी चिडले होते.

धाकटा आठव्या दिवशी आला, काठी टेकत. मी न सांगता टेम्पो आडवा लावला. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. उन्हाळ्यात तो परत आला आणि भाऊंना गावी घेऊन गेला. जाताना भाऊंनी मला दोन बोटं दाखवली, खाली दाबली आणि हसले. भाडं कमी केलं की माझी फिरकी घेतली, ते कळलं नाही. त्यांचा मुलगा म्हणतो, फिरकी. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत. तो सगळं ऐकतो, "हो बाई, हो बाई" म्हणतो, आणि छप्पर गळतं ते गळतंच.

परवा त्या गावची मंडई आहे. दिवाळीनंतर तिकडं गावोगाव जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात. बहिणीनं लेकाकडून मला बोलावणं धाडलं, मी येते म्हणून कळवलं. आज त्याच लेकाचा फोन आला.

"बाई, तुमी नक्की येऊन राह्यल्या ना?"

"हो. काऊन?"

"मामानं चार दिवसांपासून कानात कापूस घातला. सकाळचंही बंद. आमी म्हनलं, आता काऊन, माही माय तं रोज समोरच राह्यते. तं म्हणते, भांडेवाली येनार आहे. तिचं अकरा सालांचं आयकाचं राह्यलं."

मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. तणसातून सर्वांत चांगली कांशाची थाळी काढली, वाजवून पाहिली, गुंडाळली. ती नेणार आहे. आणि तिथं बसल्यावर कसं बोलायचं तेही ठरवलं आहे. हळू. पहिला चक्कीवाला, मग वेल्डिंगवाला, मग मंडळाची पोरं, त्यांचा भगोना, गल्लीतली एकूणएक दुकानं, क्रमानं.

छप्पर शेवटी काढणार आहे.